दोन थापा

‘मराठी विभागाला लेख कमी पडतायत, तू काहीतरी लिही ना!’ असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीनं मेसच्या रांगेत सांगितलं, तेव्हा मी आधी हसून घेतलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. शाळेत मराठी हा एक विषय होता, आणि तोही मुख्यतः म्हणी व वाक्प्रचार पाठ करण्यापुरता. त्या यादीत ‘थाप मारणे – खोटे बोलणे’ असं एक होतं. थाप ढोलकीवरही मारतात हे मला घरी माहीत होतं, पण पेपरात ते लिहिलं असतं तर मार्क मिळाले नसते. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधाराव्यात, बाकीच्या वाचकांनी पोटात घालाव्यात.

दुसरी गोष्ट म्हणजे एक जाहीर माफी. गेल्या पावसाळ्यात लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरून रात्री अकरानंतर हलगी वाजते अशी तक्रार रेक्टर मॅडमकडे गेली होती. कुणीतरी भुताची शंकाही काढली होती म्हणे. ती हलगी माझ्या खोलीतली. तिचीच ही हकीकत.

माझा मामा ऑक्टोपॅड वाजवतो. नारायणगावजवळ आमचं आजोळ आहे. तमाशाच्या फडांच्या राहुट्या जिथं लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेसाठी सुपाऱ्या द्यायला येतात, ते नारायणगाव. मामा फडात कधी नव्हता. तो ऑर्केस्ट्रावाला. हळदीचे कार्यक्रम, गणपती, नवरात्र, कुणाच्या तरी वाढदिवसाचा स्टेज शो. त्याच्यापुढे आठ रबरी चौकोन असलेला पॅड असतो, तो काड्यांनी बडवायचा, आणि आवाज निघतो तो मात्र खाली ठेवलेल्या एका राखाडी पेटीतून. लहानपणी मला वाटायचं की त्या पेटीत कुणीतरी बसलंय. आता थर्ड इयर ई अँड टीसीला आल्यावर कळतं की ते तितकंसं चूक नव्हतं.

ती पेटी म्हणजे आकाई कंपनीचा एस ९५० हा सॅम्पलर. १९८८ साली बाजारात आला. त्याच्या आधीचा एस ९०० हा १९८६ चा, डेव्हिड कॉकरेल नावाच्या इंग्रज इंजिनियरनं डिझाइन केलेला. सॅम्पलर स्वतः आवाज तयार करत नाही. त्याला आवाज ऐकवायचा, तो आकडे करून लक्षात ठेवतो, आणि पॅडवर काडी पडली की तेच आकडे पुन्हा आवाज करून बाहेर काढतो. मुंबईतल्या एका स्टुडिओनं नवीन मशिन घेतलं तेव्हा मामानं हे जुनं १९९७ मध्ये उचललं. आजीच्या बांगड्यांचा त्या व्यवहारात काही संबंध होता असं आई म्हणते, मामा नाही म्हणतो.

आता कबुली. शाळेत ‘व्हॉट डझ युअर अंकल डू?’ असं कुणी विचारलं की मी ‘ही इज अ साउंड इंजिनियर’ असं सांगायचे. हळदीच्या मांडवात चमकीचा शर्ट घालून वाजवणारा मामा माझ्या मैत्रिणींच्या पियानो शिकणाऱ्या भावंडांच्या रांगेत बसत नव्हता. ही थाप मी इतकी वर्षं मारली की हॉस्टेलमध्येही पहिल्याच आठवड्यात रूममेटला तेच सांगून मोकळी झाले.

गेल्या जूनमध्ये मामाचा फोन आला. ‘अगं, फ्लॉप्यांना बुरशी लागली. सगळ्याच्या सगळ्या.’

वीज गेली की या मशिनच्या मेमरीतलं सगळं पुसलं जातं. म्हणून दर कार्यक्रमाला आवाज फ्लॉपीवरून आत घ्यायचे. १९९८ साली मामानं नारायणगावच्या एका ढोलकीवाल्या काकांना दिवसभर बसवून त्यांची ढोलकी या मशिनमध्ये भरून घेतली होती. त्यानंतर पाव शतक मामा ज्या ज्या मांडवात वाजला, तिथं खरं तर हात त्या काकांचा होता. त्या सात फ्लॉप्या एका स्टीलच्या डब्यात, डबा माळ्यावर, आणि माळ्याला ओल. नव्या कोऱ्या फ्लॉप्याही आता मिळणं मुश्कील. सोनीनंसुद्धा जपानमध्ये त्या विकणं २०११ मध्ये बंद केलं.

मी म्हटलं, ‘मामा, नवीन पॅड घे की. त्यात शंभर ढोलक्या आयत्या येतात.’

मामा म्हणाला, ‘येतात. पण त्या कुणाच्या आहेत कुणास ठाऊक.’

मग मीच तोंड उघडलं, ‘मी करून देते. गणपतीच्या आत.’ सिग्नल प्रोसेसिंगला नुकतेच चांगले मार्क पडले होते ना! अंगात आलं होतं.

फ्लॉप्या आणि मशिन घेऊन हॉस्टेलवर आले. आधी बाजारातून यूएसबीवाला फ्लॉपी ड्राइव्ह आणला. त्याला आकाईच्या फ्लॉप्या वाचताच येत नाहीत, कारण त्यांची मांडणीच वेगळी. एकेका सेक्टरमध्ये १०२४ बाइट, आणि यूएसबीवाल्याला फक्त कॉम्प्युटरची नेहमीची मांडणी समजते. पैसे पाण्यात. शेवटी आपल्या लॅबमधले मामा धावून आले. (हा लेख वाचताना कुठला मामा कुठला याचा गोंधळ होईल, त्याला इलाज नाही.) मायक्रोप्रोसेसर लॅबच्या कोपऱ्यात खोक्यांखाली एक जुना पीसी होता, त्यात खरा फ्लॉपी ड्राइव्ह. लॅबच्या मामांनी तो पुसून सुरू करून दिला आणि ‘सबमिशनचं काम आहे ना?’ असं विचारून उत्तराची वाट न बघता चहाला गेले.

फ्लॉपीचं प्लॅस्टिकचं कव्हर उघडून आतली तबकडी आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं हळूहळू पुसायची, वाळवायची, दुसऱ्या स्वच्छ कव्हरात घालायची. सातपैकी सहा गेल्याच होत्या. सातवीवरचे निम्मे सेक्टर वाचता आले. त्यातून धड निघाले तीन आवाज. एक हलगीचा, एक कुठल्या तरी टाळीचा, आणि तिसऱ्याचं नाव ‘थाप मोठी’. या मशिनमध्ये नावाला दहाच अक्षरं मिळतात. ‘थाप मोठी’ रोमनमध्ये लिहिलं की मधली जागा धरून बरोबर दहा होतात. मामानं बोटावर मोजून ठेवलं असणार.

मी तो आवाज लॅबमध्येच हेडफोनवर ऐकला. अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. उजव्या पुडीवर पडलेली एक टणक, भरघोस थाप. बास. एवढंच वाचलं होतं.

बाकीचे आवाज नव्यानं घ्यायला हवे होते. काका अजून आहेत, सत्तरी ओलांडलेली. कल्चरल ग्रुपचा माइक आणि रेकॉर्डर मागून घेतला आणि रविवारी मामाबरोबर त्यांच्याकडे गेले. आधी मी शहाणपणा करून मोबाइलवरच घेऊन बघितलं होतं. पण मोबाइल स्वतःच डोकं चालवतो. मोठा आवाज दाबतो, बारीक आवाज उचलतो. संगीतात नेमकं तेच नको असतं.

काकांच्या नातवानं अंगणात कागद पेटवून हलगी शेकली आणि कडकडीत वाजवून दिली. त्यात काही अडचण आली नाही. ढोलकीला मात्र वेळ लागला. मी म्हटलं, ‘काका, एक एक थाप सुटी द्या. मधे पाच सेकंद थांबा.’ त्यांनी दिल्या चार-पाच. मेल्यासारख्या वाजल्या. मग ते म्हणाले, ‘सुटी थाप मागू नको, बाई. मी वाजवतो, त्यातनं तू उचल.’ आणि ते वाजवायला लागले. डाव्या पुडीचा घुमारा सुंदर आला, हलक्या थापा तर अशा आल्या की मामा डोळे मिटून बसला. पण जोरातली येईना. त्यांचा खांदा धरलाय, हाताला थोडा कंप आहे. तीन-चार वेळा प्रयत्न करून त्यांनी ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. ‘जोरातली न्हाई निघत आता.’

येताना एसटीत मामा काही बोलला नाही. मी मात्र मनात हिशेब करत होते. जोरातली थाप आपल्याकडे आहे. १९९८ ची. हलकी आजची.

हे जमण्यासारखं होतं, कारण एस ९५० मध्ये एका पॅडला दोन आवाज जोडता येतात. काडी हळू पडली तर एक, एका ठरावीक जोराच्या वर पडली तर दुसरा. म्हणजे काकांचा आजचा हात आणि तेव्हाचा हात एकाच पॅडवर. फक्त ते दोन हात एकाच माणसाचे वाटायला हवेत. इथून पुढचे दोन महिने मी या एका ‘फक्त’वर घालवले. युनिट टेस्टचे मार्क विचारू नका.

आधी जागेचा प्रश्न. मामाच्या मशिनची मेमरी ७५० किलोबाइट. तुमच्या मोबाइलच्या एका फोटोला याच्यापेक्षा जास्त जागा लागते! त्यात साधारण पावणेपाच लाख नमुने मावतात. सर्वांत चांगल्यापैकी, म्हणजे ४० किलोहर्ट्झनं भरले तर सगळी ढोलकी, हलगी, टाळ, घुंगरू मिळून जेमतेम बारा सेकंद. त्यामुळे कुठल्या आवाजाला किती द्यायचं हे ठरवावं लागतं, घरखर्चासारखं.

इथं एक गंमत सांगते, ई अँड टीसीवाल्यांना व्हायवाला उपयोगी पडेल. हे मशिन तुम्हाला सॅम्पलिंग रेट विचारतच नाही. ते विचारतं, ‘बँडविड्थ किती हवी?’ तुम्ही १६ किलोहर्ट्झ सांगितलं की ते ४० नं नमुने घेतं, ३ सांगितलं तर साडेसातनं. म्हणजे अडीच पट. आपण सगळे व्हायवाला घडाघडा सांगतो की सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट पुरे. पुस्तकातला फिल्टर सुरीनं कापल्यासारखा सरळ कापतो. खरा फिल्टर उतारानं कापतो, आणि त्या उताराला जागा लागते. तो अर्धा पट म्हणजे त्या उताराची जागा. हे मला पुस्तकात कळलं नव्हतं, मामाच्या पेटीच्या बटणांवर कळलं.

शिवाय प्रत्येक आवाजाला वेगळी बँडविड्थ देता येते. डाव्या पुडीचा घुमारा खालच्या पट्टीचा, त्याला ४ किलोहर्ट्झ पुरली. दीड सेकंदाचा घुमारा पंधरा हजार नमुन्यांत बसला. थापेला मात्र पूर्ण १६ द्यावी लागली. थोडं विषयांतर होईल, पण त्याच काळातला ई-म्यू कंपनीचा एसपी १२०० आहे, १९८७ चा. त्यात सगळे मिळून दहाच सेकंद आणि रेट एकच, २६.०४. न्यूयॉर्कची हिप-हॉपवाली मुलं त्यावर काय करायची, तर ३३ ची रेकॉर्ड ४५ वर पळवून भरायची, म्हणजे कमी वेळात मावते, आणि मशिनमध्ये सूर खाली ओढून पुन्हा मूळ गतीला आणायची. आवाज खरबरीत व्हायचा आणि तो खरबरीतपणाच पुढे लोकांना आवडायला लागला. जुगाड ही फक्त आपली मक्तेदारी नाही!

तर हलगी. हलगीनं मला सर्वांत जास्त छळलं आणि चूक सर्वस्वी माझी. जागा वाचवायची म्हणून मी मॅटलॅबमध्ये ४४.१ च्या रेकॉर्डिंगमधला एक नमुना घ्यायचा, एक सोडायचा असं केलं. झाले २२.०५. इंटरनेटवर या जुन्या मशिनसाठी हौशी लोकांनी लिहिलेले छोटे प्रोग्रॅम मिळतात, त्यातून फाइल आकाईच्या मांडणीत नेली. मशिनच्या फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी आता गोटेक नावाचं यंत्र बसवलं होतं. मशिनला वाटतं फ्लॉपी आहे, आत असतो पेन ड्राइव्ह. किंमत मेसच्या एका महिन्याच्या बिलापेक्षा थोडी कमी. सगळं झकास झालं आणि मी मामाला बोलावलं.

लेडीज हॉस्टेलमध्ये मामाला जाता येतं ते फक्त व्हिजिटर्स रूमपर्यंत. तिथं टीपॉयवर सॅम्पलर, ऑक्टोपॅड त्याच्या मांडीवर, कानाला हेडफोन. आजूबाजूला डबे घेऊन आलेले आईबाबा. मामानं हलगी वाजवली, थांबला, परत वाजवली.

‘यात शिट्टी कसली वाजतेय?’

मला शिट्टी ऐकू येत नव्हती. खूप वेळानं आली. हलगीचा कडकडाट वर १५ किलोहर्ट्झच्याही पलीकडे जातो. २२.०५ नं नमुने घेतले की ११ च्या वरचं काही त्यात मावत नाही, पण ते निमूट नाहीसंही होत नाही. घडी पडून खाली येतं. २२.०५ मधून १५ वजा केले की ७.०५. म्हणजे ७ किलोहर्ट्झवर एक नवीन आवाज, जो हलगीत कधी नव्हताच. याला एलिआसिंग म्हणतात. त्याची व्याख्या मी परीक्षेत आकृतीसह लिहिली होती. मशिनला वायरनं आवाज दिला असता तर त्याच्या पुढच्या दारावरच्या फिल्टरनं हे अडवलं असतं. मी फाइल मागच्या दारानं नेली, आणि पहारेकरी पुढेच बसून राहिला. मॅटलॅबमध्ये ‘डाउनसॅम्पल’ आणि ‘डेसिमेट’ अशा दोन आज्ञा आहेत. दुसरी आधी फिल्टर लावते, पहिली लावत नाही. मी तर पहिलीपर्यंतसुद्धा गेले नव्हते, हातानंच नमुने उडवले होते.

बारावीनंतर कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसानं दोन मिनिटांत माझं एक अख्खं युनिट तपासलं. तेवढ्यात माझी रूममेट आली. मामाला बघून तिला आठवलं, ‘अरे, तुम्हीच का ते साउंड इंजिनियर काका? कुठल्या स्टुडिओत असता?’

मामानं माझ्याकडे बघितलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. मग तो म्हणाला, ‘सध्या तरी व्हिजिटर्स रूममध्ये.’

ती हसली, विषय संपला. मामानं नंतरही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि तेच जास्त लागलं. त्या रात्री मी रूममेटला खरं काय ते सांगितलं. तिला काही वाटलं नाही. ‘मग तसंच सांगायचं ना,’ म्हणाली आणि असाइनमेंट उतरवायला बसली.

मामानं त्या दिवशी अजून दोन गोष्टी काढल्या होत्या. पहिली, ‘थाप उशिरा वाजते.’ मी आवाज कापताना पुढे थोडी शांतता सोडली होती, तीस मिलिसेकंद. स्क्रीनवर ती दिसतही नाही. पण आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक वीत-दीड वीत जातो. तीस मिलिसेकंद म्हणजे ढोलकीवाला दहा मीटर लांब बसल्यासारखा. दुसरी, ‘हळू मारली काय नि जोरात मारली काय, सारखंच. ही ढोलकी नाही, दारावर थाप मारल्यासारखं वाटतं.’

पहिली दुरुस्त करताना मी उलट चूक केली. पुढचं सगळं कापून जिथं आवाज मोठा होतो तिथूनच सुरू केला, आणि ‘टक्’ असा कचरा नको म्हणून सुरुवातीला पाच मिलिसेकंदांची चढण दिली. मग थापेतून हातच गेला. बोटं पुडीला टेकतात तो क्षण पहिल्या दोन-तीन मिलिसेकंदांत असतो, त्याच्यावरूनच कानाला कळतं की ही पुडी आहे, टेबल नाही. शेवटी पंधरा-वीस वेळा मोठं करून बघत, लाट शून्यावरून जाते ती थापेच्या अगदी आधीची जागा शोधली आणि तिथं कापलं. चढण काढून टाकली. यात कुठलंही सूत्र नाही. रात्री अकरानंतर पुन्हा पुन्हा वाजवून बघायचं एवढंच. रेक्टर मॅडमना आता पटेल अशी आशा आहे.

दुसऱ्या तक्रारीला मी आधी नाकारलं, कारण मी ‘बरोबर’ होते. हे मशिन १२ बिटचं आहे. सीडीला ६५,५३६ पायऱ्या असतात, याला ४,०९६. आवाज पाव उंचीचा भरला तर दोन बिट फुकट गेले, उरल्या १,०२४ पायऱ्या, आणि मग शेपटाकडे घुमारा विरताना खरखर ऐकू येते. म्हणून प्रत्येक आवाज ताणून पूर्ण उंचीचा करायचा हे शास्त्रशुद्ध. मी केला. त्यात काकांची हलकी थाप त्यांच्या जोरातल्या थापेएवढी झाली. उत्तर साधं होतं. भरताना पूर्ण उंचीनं भरायचं, आणि मग मशिनच्या प्रोग्रॅममध्ये हलक्या थापेचा लाउडनेस खाली आणायचा. पायऱ्याही वाचतात, हलकेपणाही राहतो. पण किती खाली? तेव्हाची जोरातली आणि आजची हलकी यांचं प्रमाण कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं. ते मामानं ठरवलं. तासभर तो एकच पॅड वाजवत होता आणि आकडा एकानं वर, एकानं खाली.

तरीसुद्धा दोघी वेगळ्या वाजत होत्या. नवी थाप धुतल्यासारखी स्वच्छ, जुनी थोडी काळवंडलेली. मी नव्या थापेवर सॉफ्टवेअरमधून हे लाव, ते लाव केलं. ती काळी झाली पण जुनी झाली नाही. मग सुचलं ते इतकं सोपं होतं की सांगायलाही लाज वाटते. जुनी थाप १९९८ मध्ये या मशिनच्या पुढच्या दारानं आत गेली होती. नवीही तशीच नेली. कापून, उंची ठरवून तयार केलेला आवाज लॅपटॉपमधून वायरनं सॅम्पलरच्या इनपुटला दिला, बँडविड्थ १६, आणि मशिनलाच पुन्हा ऐकू दिला. त्याचाच फिल्टर, त्याच्याच पायऱ्या. फरक सगळा गेला नाही. पण दोन भावांच्या आवाजात असतो एवढाच राहिला.

टाळेबद्दल लिहायचं तर अजून दोन पानं लागतील. टाळेच्या दोन वाट्या किंचित वेगळ्या सुरात असतात, त्यामुळे तिच्या नादात लाटा येतात, आमच्या टाळेत सेकंदाला पाचेक. जागा वाचवायला शेवटचा तुकडा गोल फिरवत ठेवायचा असेल तर तो तुकडा बरोबर एका लाटेएवढा हवा, नाहीतर टाळेला उचकी लागते. माझ्या टाळेला आठवडाभर लागली होती. असो.

गणपतीच्या आधीच्या रविवारी मशिन घेऊन आम्ही काकांकडे गेलो. ओसरीवर सतरंजी, त्यावर पॅड, एक छोटा स्पीकर. पेन ड्राइव्हवरून आवाज आत यायला वेळ लागतो, तेवढ्यात काकूंनी चहा आणला. काका खांबाला टेकून बसले होते.

मामानं हळू सुरुवात केली. काका मान हलवत होते. मग मामानं जोर वाढवला आणि थाप बदलली, तसे ते ताठ झाले.

‘ही जोरातली कुणाची घेतली?’

‘तुमचीच, काका,’ मी म्हटलं. ‘अठ्ठ्याण्णव सालची. एक फ्लॉपी वाचली होती.’

‘आणि हळूवाली?’

‘तीही तुमची. जूनमधली.’

त्यांनी मामाला पुन्हा वाजवायला सांगितलं. एकदा हळू, एकदा जोरात. परत एकदा. स्वतःचा उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला, चहाचा कप उचलला आणि मामाकडे बघून म्हणाले, ‘मंग आता सुपारी दोघांची द्यायला लागंल तुला.’